पाच मीटरवरचा नेम

धवलला पिस्तुलांबद्दल सगळं ठाऊक होतं. एकही त्याने कधी झाडलं मात्र नव्हतं. सुहासिनीबाईंनी हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं. हत्यार हातात आलं की माणूस आधी काय करतो, यावरून त्या माणूस पारखायच्या. धवलने टेबलावरचं पिस्तूल उचललं आणि आधी मोबाईलचा कॅमेरा सुरू केला.

“धवल, ट्रिगरवरचं बोट काढ.”

“मॅडम, लोडेड नाहीये.”

“चुकून गोळी लागून मेलेल्या निम्म्या माणसांनी हेच वाक्य ऐकलं असेल. बोट काढ.”

त्याने बोट काढलं, पण फोटो काढलाच. सुहासिनीबाईंनी कपाळाला आठी घातली आणि मनातल्या मनात त्याचं नाव खोडून टाकलं. त्यांच्या मनात अशी खोडलेली नावं बरीच होती. नाशिकपासून दोह्यापर्यंतची.

हा धवल मुंबईचा, तेहतीस वर्षांचा, दोह्यातल्या एका सुरक्षा कंपनीचा ऑपरेशन्स मॅनेजर. त्याच्या पँटला अकरा खिसे होते आणि त्यांतल्या एकातही कामाची वस्तू नव्हती. दिवसभर तो पिस्तुलांचे व्हिडिओ बघायचा आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतःचे विचार म्हणून ऐकवायचा. उथळ पाण्याला खळखळाट फार, त्यातलं ते पाणी. लॅपटॉपवर त्याने तीन पिस्तुलांची तुलना करणारा तक्ता केला होता. तेवीस रकाने. वजन, लांबी, गोळ्या, ट्रिगरचा जोर, कपड्याखाली दिसतं की नाही, आणि शेवटी ‘रिमार्क्स’.

काम असं होतं. वर्ल्ड कपला सात महिने उरले होते. दोह्यातल्या एका मोठ्या घरातल्या बायका सामने बघायला, मॉलमध्ये, मेजवान्यांना जाणार होत्या आणि त्यांच्या सोबतीला चार मुली हव्या होत्या. त्या रक्षक आहेत हे कुणाला कळता कामा नये. मैत्रिणी वाटल्या पाहिजेत. म्हणून अंगात अबाया, म्हणजे तिथला पायघोळ काळा झगा, आणि अबायाच्या आत पिस्तूल. परवान्याचं कसं जमलं, हे कुणी विचारलं नाही. त्या घराला परवाने विचारायची पद्धत नव्हती. मुलींना शिकवायचं आणि कोणतं पिस्तूल द्यावं ते सांगायचं काम या कंपनीकडे आलं. कंपनीने मदिनत अश शमालच्या रस्त्यावर एक गोदाम घेऊन त्यात नेमबाजीचा हॉल केला आणि प्रशिक्षक म्हणून सुहासिनी गर्गे यांना नेमलं.

त्यांना नेमण्यात चूक काहीच नव्हती. पंचवीस मीटर पिस्तुलात त्यांना राज्याचं सुवर्णपदक होतं, राष्ट्रीय स्पर्धेत चौथा नंबर होता. पण ते सगळं लग्नाआधीचं. गर्गेसाहेबांना गॅस कंपनीत नोकरी लागली आणि बाई दोह्यात ‘गर्गेंची मिसेस’ झाल्या. गेली अठरा वर्षं त्या मराठी मंडळींच्या गणपतीत रांगोळी स्पर्धेच्या परीक्षक होत्या. पंचवीस मीटरवरून आगपेटी उडवणारी बाई फुलांच्या पाकळ्या मोजून मार्क देत होती. त्यामुळे छातीवर स्वतःचं नाव असलेलं ओळखपत्र मिळालं, त्या दिवशी त्यांनी गाडीत बसून ते चारदा वाचलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखे लोक दोह्यात नव्हते, असं त्यांचं मत होतं.

तर तीन पिस्तुलं. टेबलावर टॉवेल अंथरून ओळीने ठेवलेली. बाईंनी त्यांना धाकटी, मधली आणि थोरली अशी नावं दिली. तिघीही तशा लहानच चणीच्या. धाकटी तळहातात मावायची. तिची नळी तर्जनीपेक्षा आखूड, मुठीत धरली की करंगळी अधांतरी लोंबायची आणि बार उडाला की मनगटाला हिसका बसायचा. मधलीत नाव ठेवायला काही नव्हतं आणि नाव घ्यायलाही. थोरली मात्र बाईंना बघताक्षणी आवडली. नळी चांगली चार बोटं लांब, पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा, ठळक आणि स्वच्छ दिसणारी, ट्रिगर मऊ.

“आधी तू मार,” त्या धवलला म्हणाल्या.

धवलने व्हिडिओत बघितलेला पवित्रा घेतला. गुडघे वाकवले, खांदे वर चढवले आणि डाव्या हाताचा अंगठा नेमका पिस्तुलाच्या पाठीमागे ठेवला. बाईंनी तो बघितला. म्हणाल्या काहीच नाहीत. बार उडाला, पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड मागे आली आणि अंगठ्याची साल घेऊन पुढे गेली. धवल “आई गं” म्हणाला. गोळी कुठे गेली ते छताला माहीत. बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी स्वतः उठून बँडेज आणलं.

मग त्यांनी मारलं. एक हात कमरेवर, एक हात सरळ, पंचवीस मीटरवरून, प्रत्येक पिस्तुलाने दहा गोळ्या. धाकटीच्या गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरल्या. मधलीच्या वाटीएवढ्या. थोरलीच्या दहाही गोळ्या चहाच्या बशीत मावल्या असत्या.

“हे घे,” बाई म्हणाल्या. “तेवीस रकाने पुसून टाक. हा एक ठेव.”

“पण मॅडम, क्लायंटची टेस्ट पाच मीटरवर आहे. अबायातून काढायचं, चार सेकंदांत दोन राउंड.”

“पाच मीटर?” बाई हसल्या. “पाच मीटरवरून आमच्या नाशिकच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या विठाबाईसुद्धा लाटणं फेकून नेम साधतील. जी पंचवीसवर मारते ती पाचवर मारतेच. हे तुझ्या व्हिडिओत नाही सांगत?”

धवलने बँडेज बांधलेला अंगठा कुरवाळला.

चार मुली भिंतीशी बसून हे बघत होत्या. त्यांतल्या एकीने हात वर केला. ही तसनीम. चोवीस वर्षांची, मूळची कोकणातल्या म्हसळ्याची म्हणायची, पण जन्म दोह्यातलाच. तिचे वडील अश्फाक इंडस्ट्रियल एरियात कामगारांची बस चालवायचे. आई नूरी, फरीज बिन ओमरान या वस्तीतल्या घरी अबाया शिवायची आणि तसनीम त्याच गल्लीतल्या अबायाच्या दुकानात विक्रीला उभी राहायची.

“मॅडम, मी घालून बघू? अबाया?” ती म्हणाली. “अम्मीनं आत हात घालायला फट करून दिलीय. बाजूची शिवण उसवून.”

तिने अबाया चढवला, रिकामी थोरली कमरेच्या पट्ट्यात खोचली, शिवणीतून हात घातला आणि ओढली. अर्ध्यात अडकली. पुन्हा ओढली, पुन्हा अडकली. मग तिने धाकटी घेतली. ती सुळकन बाहेर आली.

“नळी लांब आहे ना, मॅडम. ती पुरी सुटेपर्यंत कोपर वर जातं, मग बाहीचं कापड मुठीत येतं. आणि ही माशी शिवणीला धरते. दुकानात बायकांच्या बांगड्या अशाच अडकतात, रोज बघते मी.”

“नाचता येईना अंगण वाकडं,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “इथे नेमबाजी शिकायला आलीस की शिवणकाम? आज पहिला दिवस आणि हत्याराला नावं ठेवतेस? हात बसला की सगळं निघतं.”

तसनीम “जी मॅडम” म्हणाली आणि बसली. धवल तिच्याजवळ जाऊन काहीतरी विचारत होता, लॅपटॉपवर टिपत होता. संध्याकाळी त्याने तक्ता छापून सहीला आणला. बाईंनी वरची ओळ वाचली: शिफारस, तीन नंबरचं पिस्तूल. तीन नंबर म्हणजे थोरली. खालचं वाचायची त्यांना गरज वाटली नाही. त्या मूर्खाच्या रकान्यांवर डोळे कोण फोडणार? त्यांनी झोकात सही केली.

*

पुढचे चार महिने बाईंनी मुलींना नेम शिकवला, आणि तो खरोखर चांगला शिकवला. श्वास कुठे थांबवायचा, ट्रिगर कसा न हिसडता ओढायचा, डोळा माशीवर कसा ठेवायचा. मुली पंधरा मीटरवरून बशी फोडू लागल्या. अबाया घालून पिस्तूल काढायचा सराव मात्र बाईंनी आठवड्यातून एकदा, शेवटच्या वीस मिनिटांपुरता ठेवला. तो त्यांना बघवत नसे. काळ्या कापडात हात घालून चाचपडणाऱ्या मुली बघून त्यांना पर्समध्ये किल्ली शोधणाऱ्या बायका आठवायच्या.

बाकीच्या तिघी अंगापिंडाने उंच होत्या, हात लांब होते, त्या जेमतेम वेळेत काढायच्या. तसनीम ठेंगणी. तिचं दहातून सहा वेळा अडकायचं.

“जोर लाव,” बाई म्हणायच्या. “दुकानात हँगर उचलतेस तसं नाही.”

जूनमध्ये एकदा तसनीम थांबून राहिली. बाहेर डांबर वितळेल असं ऊन होतं आणि कंपनीची बस यायची होती.

“मॅडम, एक सांगू? अब्बांना साठ झाली. ऑक्टोबरमध्ये त्यांचा व्हिसा खलास. त्यांच्यावरच आमचा सगळ्यांचा आहे. मी पास झाले तर माझा स्वतःचा व्हिसा होईल, मग मी अम्मी-अब्बांनाही आणू शकेन कधीतरी. नाही झाले तर सगळे म्हसळ्याला. मी तिथे सात वेळा गेलेय, मॅडम. सुट्टीला. तिथे लोक मला पाहुणी म्हणतात.”

“मग सराव कर,” बाई म्हणाल्या.

“धाकटीवर केला तर चालेल? फक्त मी?”

“एकीसाठी वेगळं हत्यार? उद्या म्हणशील लक्ष्य जवळ आणा.”

ती गेली. बाईंना वाटलं, आपण कठोर आहोत, पण कठोर असल्याशिवाय चांगला नेमबाज घडत नाही. त्यांच्या स्वतःच्या गुरूंनी त्यांना दोनदा रेंजवरून हाकलून दिलं होतं. हे त्या अभिमानाने सांगायच्या. गुरूंनी ज्यांना हाकललं आणि जे परत आले नाहीत, त्यांच्याबद्दल त्यांनी कधी विचार केला नव्हता.

धवल तेव्हा एका कोपऱ्यात उभा होता. म्हणाला, “मॅडम, तिचं म्हणणं अ‍ॅक्च्युअली लॉजिकल आहे. बॅरल लेंग्थ आणि ड्रॉ टाइमचं...”

“तुझा अंगठा कसा आहे?” बाईंनी विचारलं.

*

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा झाली. त्या घराकडून परीक्षक म्हणून हमीदसाहेब आले. निवृत्त अधिकारी, सुदानचे, साठीच्या पुढचे, बोलणं कमी. ते इंग्रजीतच बोलत, पण इतकं सावकाश की त्यांची आज्ञासुद्धा विचारपूस वाटायची. त्यांनी हातात घड्याळ घेतलं, धवलकडून छापील तक्ता मागून खुर्चीवर ठेवला आणि नियम सांगितला. शिट्टी वाजली की काढायचं, पाच मीटर, दोन गोळ्या, चार सेकंद. संधी एकच. त्या घरातल्या बायकांवर कुणी धावून आलं तर तोही दुसरी संधी देणार नाही.

आधी बाकीच्या तिघींची परीक्षा झाली. कुणाला साडेतीन सेकंद, कुणाला पावणेचार. हमीदसाहेबांनी मान हलवली.

तसनीम उभी राहिली. शिट्टी वाजली. तिचा हात शिवणीतून आत गेला, कोपर वर आलं आणि तिथेच थांबलं. तिने घाई केली नाही, शिकवल्याप्रमाणे श्वास सोडला, मनगट वळवलं, पुन्हा ओढलं. पिस्तूल बाहेर आलं तेव्हा सहा सेकंद झाले होते. दोन्ही गोळ्या मात्र लक्ष्याच्या मधोमध, एकीला एक चिकटून.

“नेम सुंदर,” हमीदसाहेब म्हणाले. “पण तोवर बाईसाहेब मेल्या.”

त्यांनी तक्ता उचलला. वाचत वाचत शेवटच्या रकान्यावर आले आणि मोठ्याने वाचू लागले. तारीख एप्रिलची. ‘उमेदवार तसनीम यांचं म्हणणं: तीन नंबरची नळी लांब असल्याने अबायाच्या शिवणीत अडकते, बाहीचं कापड मुठीत येतं. एक नंबर लगेच निघतं. प्रत्यक्ष करून दाखवलं. प्रशिक्षकांनी अमान्य केलं.’ त्याच्या खाली झोकदार सही होती.

सुहासिनीबाईंच्या कानशिलांवर रक्त चढलं. त्या मूर्खाने हे लिहिलं होतं आणि आपण त्याखाली सही केली होती.

“मॅडम,” हमीदसाहेब म्हणाले, “दोष मुलीचा की हत्याराचा? दुसरी संधी मी एकाच कारणाने देऊ शकतो. हत्याराची निवड चुकली, असं ज्याने निवड केली त्याने लिहून दिलं तर. पण तशी निवड करणारा माणूस पुढे आमच्या कामावर राहणार नाही. आधीच सांगतो.”

धवल पुढे आला. “सर, तक्ता माझा आहे. चूक माझी लिहा.”

“तू प्रशिक्षक आहेस?”

“नाही, सर.”

“मग बस.”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. अकरा खिशांची पँट, कपाळावर घाम. ज्याला बार उडवता येत नव्हता, तो अंगावर घ्यायला निघाला होता. बाईंना त्याचा राग आला. मग त्या बोलल्या, आणि आवाज त्यांना अपेक्षित होता त्याहून स्पष्ट निघाला.

“मुलीचा सराव कमी पडला.”

तसनीमने मान खाली घातली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असेल, तर ते तिने दिसू दिलं नाही. ती अबाया काढू लागली, अर्ध्यात थांबली आणि बाईंकडे आली.

“मॅडम, एकदा तुम्ही करून दाखवाल? मी कुठे चुकते ते मला कळेल. मग मी जाते.”

तिने ते खरोखरच शिकायला म्हणून विचारलं होतं. त्यात टोमणा असता तर बाईंनी तिला उभी चिरली असती. टोमणा नव्हता, म्हणून त्यांना नाही म्हणता येईना. त्यांनी अबाया घेतला. अठरा वर्षं त्या दोह्यात राहत होत्या. रोज शेकडो बायका बघत होत्या. तो कपडा अंगात घालायची वेळ पहिल्यांदाच आली होती. रिकामी थोरली त्यांनी कमरेला खोचली. तसनीमने बाही नीट केली, शिवण दाखवली.

हमीदसाहेबांनी शिट्टी वाजवली.

बाईंचा हात आत गेला. सुवर्णपदकाचा हात, जो पंचवीस मीटरवर कधी थरथरला नव्हता. त्याने मूठ पकडली, ओढली आणि माशी शिवणीत रुतली. कोपर वर गेलं. बाहीचं कापड बोटांत आलं, त्यांनी ते झटकलं, जास्तच आलं. जोर लावला. तसनीमच्या अम्मीने, नूरीने, घातलेली शिवण टर्रकन उसवली आणि पिस्तूल तरीही बाहेर आलं नाही. हमीदसाहेबांनी घड्याळ बंद केलं. आकडा वाचून दाखवला नाही. एवढी दया त्यांनी केली.

“माशीच धरली, मॅडम,” तसनीम हळूच म्हणाली. “मी सोडवते, थांबा. ओढू नका.”

ती खाली वाकून बाईंच्या कमरेपाशी अडकलेलं कापड सोडवत होती, दुकानात गिऱ्हाइकाचं सोडवावं तसं, हलक्या हाताने. आपण किती नालायक आहोत, हे सुहासिनीबाईंना त्या क्षणी लख्ख कळलं. पाच महिने ही मुलगी खरं सांगत होती. ती दुकानातली होती, म्हणून आपण ऐकलं नाही. धवलने ऐकलं, कारण त्याला स्वतःला काही येत नव्हतं आणि ते त्याला माहीत होतं. आणि आत्ता, सगळं दिसत असताना, एका ओळखपत्रासाठी आपण हिला म्हसळ्याला धाडायला निघालो होतो. आयुष्यभर त्यांनी कितीतरी माणसांना तुच्छ मानलं होतं. इतक्या खात्रीने एकालाही नाही.

“कागद द्या,” त्या म्हणाल्या.

धवलने तक्ता पुढे केला. ‘रिमार्क्स’च्या खाली जेमतेम दोन बोटं जागा होती. त्यांनी आधी तेवीसच्या तेवीस रकाने वरपासून खालपर्यंत वाचले. चांगले होते. मग लिहिलं की हत्याराची निवड माझी होती, ती चुकली, उमेदवाराने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. मघाशी मी खोटं बोलले, असंही लिहिलं. ते कुणी मागितलं नव्हतं. सही केली. मग गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि तक्त्यावर ठेवलं.

हमीदसाहेबांनी वाचलं. “शुक्रन, मॅडम,” एवढेच आभार मानले आणि धाकटीकडे बोट केलं.

उसवलेली शिवण धवलने स्टेपलरने जोडली. तसनीम पुन्हा उभी राहिली. शिट्टी वाजली, काळं कापड हललं, दोन बार झाले. अडीच सेकंद. हमीदसाहेबांनी पेन काढलं, तिच्या नावापुढे खूण केली आणि म्हणाले, “यल्ला, चला, व्हिसाचे कागद आजच पाठवा.”

तसनीमने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग ती फोन घेऊन बाहेर पळाली, उन्हात, अब्बांना सांगायला. धवल काचेतून तिच्याकडे बघून हसत होता.

सुहासिनीबाई लक्ष्यापाशी गेल्या. सवयच होती ती, नेमबाजी झाली की कागद बघायची. एक भोक खांद्याजवळ, दुसरं पोटात. दोन्हींमध्ये वीतभर अंतर. कुठल्याही स्पर्धेत असा कागद त्यांनी फाडून फेकला असता. नेम वाईटच होता. मुलगी मात्र दोह्यात राहिली.